जुनी मोटार कशी निवडावी : माहितीची दरी आणि मर्यादित बजेट

१. प्रास्ताविक

घरात जुनी गाडी घ्यायचे ठरले की एक काम हमखास तुमच्याकडे येते. वडील म्हणतात, "तू जरा मोबाईलवर बघ, कोणती चांगली आहे." काका म्हणतात, "माझ्या ओळखीचा एक जण विकतोय, बघून ये." तुम्ही कॉलेजात शिकता, अर्ज-फॉर्म वाचू शकता, म्हणून निर्णयाचा मोठा भाग तुमच्यावर सोपवला जातो. मागे असतात घराची कित्येक वर्षांची बचत आणि कधी कधी कर्जाचे हप्ते.

या पाठात अशा निर्णयाची पद्धत आपण समजून घेणार आहोत. अर्थशास्त्र आणि कायदा या दोन विषयांत शिकलेल्या काही संकल्पना येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. पाठाचा मुख्य मुद्दा असा : जुन्या गाडीच्या व्यवहारात विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला माहीत नसते. ही दरी जितकी कमी कराल तितका तुमचा पैसा सुरक्षित राहील. चकाकी पाहून गाडी घेऊ नका. जिच्याबद्दलचा पुरावा भक्कम आहे तीच घ्या.

२. माहितीची दरी म्हणजे काय?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी उदाहरण घेतले ते जुन्या मोटारींच्या बाजाराचे. अमेरिकेत वरून ठीक दिसणाऱ्या पण आतून बिघडलेल्या गाडीला बोलीभाषेत 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. हा शब्द त्या निबंधाच्या शीर्षकातच आहे. पुढे २००१ साली अकेरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या तिघांना माहितीच्या असमानतेवरील अभ्यासाबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांचा युक्तिवाद साध्या आकड्यांत पाहू. समजा, एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या गाड्या बाजारात आहेत. त्यांतील निम्म्या चांगल्या, त्यांची खरी किंमत ४ लाख रुपये. निम्म्या खराब, त्यांची खरी किंमत २ लाख. कोणती चांगली आणि कोणती खराब हे मालकाला ठाऊक आहे, पण ग्राहकाला बाहेरून ओळखता येत नाही. मग ग्राहक सरासरी धरून ३ लाख द्यायला तयार होतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "चार लाखांची वस्तू तीनला कशाला देऊ?" आणि तो गाडी विकायचे टाळतो. खराब गाडीचा मालक मात्र आनंदाने विकतो. बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, हे कळल्यावर ग्राहक आणखी कमी किंमत देऊ करतो, आणि उरलेसुरले चांगले विक्रेतेही बाहेर पडतात. या प्रक्रियेला प्रतिकूल निवड असे म्हणतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला संकेत. चांगल्या गाडीचा मालक सहज देऊ शकेल, पण खराब गाडीच्या मालकाला देणे महाग पडेल, असा पुरावा म्हणजे संकेत. सर्व्हिसिंगची सगळी बिले, आणि "तुमच्या मेकॅनिककडे घेऊन जा, हवे तितके तपासा" ही तयारी हे चांगले संकेत आहेत. दुसरा उपाय चाळणी. येथे ग्राहकच अशी अट घालतो की विक्रेत्याच्या प्रतिसादातून माहिती बाहेर पडावी. तुम्ही मेकॅनिक आणायचे म्हटल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर गाडी न तपासताही तुम्हाला काहीतरी कळले आहे.

३. कायदा गप्प बसणाऱ्याला किती जबाबदार धरतो?

बऱ्याच जणांची समजूत असते की विक्रेत्याने दोष सांगितला नाही म्हणजे ती फसवणूकच. कायदा इतका सरळ नाही.

वस्तू विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ मध्ये 'ग्राहकाने सावध राहावे' हे तत्त्व आहे. वस्तूचा दर्जा किंवा उपयुक्तता यांची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जात नाही. याला अपवाद आहेत. उदाहरणार्थ, विक्रेत्याचा तोच व्यवसाय असेल आणि तुम्ही आपली गरज सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली असेल, तर परिस्थिती बदलते. म्हणून व्यावसायिक विक्रेता आणि आपली गाडी विकणारा शेजारी यांच्यात कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो.

भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम १७ आणखी महत्त्वाचे आहे. त्याच्या स्पष्टीकरणानुसार केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. बोलणे हे त्या व्यक्तीचे कर्तव्य असेल, किंवा तिचे मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट वेगळी. कायद्याने दिलेली उदाहरणे घोड्याची आहेत. घोडा सदोष आहे हे मालकाला माहीत आहे, पण लिलावात तो त्याबद्दल काही बोलत नाही. हे कपट नाही. पण घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन, आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच ठरते.

घोड्याच्या जागी गाडी ठेवा. सौद्याआधी मेसेजवर लेखी विचारा : "गाडीचा मोठा अपघात झालेला नाही, ती पुराच्या पाण्यात बुडालेली नाही आणि मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत, असे धरून मी किंमत देत आहे. यात काही चुकीचे असेल तर कृपया कळवा." हा मेसेज आणि त्याचे उत्तर जपून ठेवा. प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

याच कायद्याच्या कलम १९ मधील अपवादही लक्षात ठेवा. मौनामुळे कपट झाले असले, तरी साधारण काळजी घेऊन सत्य शोधणे तुम्हाला शक्य होते असे दिसले, तर करार रद्द करण्याचा हक्क मिळत नाही. म्हणजे विचारणे आणि तपासणे, दोन्ही करावे लागते.

४. बजेटची मांडणी

सर्वांत सामान्य चूक म्हणजे हातातली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालणे. ३ लाख रुपये आहेत म्हणून ३ लाखांची गाडी शोधू नका. विमा, नावांतराचा खर्च, पहिली मोठी सर्व्हिसिंग आणि पहिल्या सहा महिन्यांत निघणारी दुरुस्ती हे सारे त्याच ३ लाखांत बसले पाहिजे. सोपा नियम म्हणून एकूण रकमेच्या १५ टक्के बाजूला ठेवा. म्हणजे ३ लाखांपैकी ४५ हजार बाजूला आणि गाडीसाठी २ लाख ५५ हजार.

आता 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणातून तपासू. एका कुटुंबापुढे दोन गाड्या आहेत.

गाडी 'अ' : किंमत २,५०,००० रुपये. चारही टायर संपलेले, खर्च १८,०००. क्लच बदलायला आलेला, १२,०००. सस्पेन्शनचे काम १०,०००. बॅटरी ५,०००. विमा ८,०००. एकूण ३,०३,००० रुपये. सर्व्हिसिंगची नोंद नाही.

गाडी 'ब' : किंमत २,८५,००० रुपये. सर्व्हिसिंग ६,०००. विमा ८,०००. एकूण २,९९,००० रुपये. सगळी बिले उपलब्ध.

जाहिरातीत 'अ' ३५ हजारांनी स्वस्त दिसत होती. रस्त्यावर आणेपर्यंत ती ४ हजारांनी महाग पडली. तीन वर्षांनी समजा 'अ' १,४०,००० रुपयांना आणि नोंदी असल्यामुळे 'ब' १,७५,००० रुपयांना विकली गेली. इंधन आणि पुढची देखभाल सारखी धरली, तर 'अ' चा निव्वळ खर्च १,६३,००० आणि 'ब' चा १,२४,००० रुपये. किंमत पाहून निर्णय घेणाऱ्याने ३९ हजार गमावले.

*कर्जाचा हिशेब.* जुन्या गाडीच्या कर्जावरील व्याजदर नव्या गाडीपेक्षा सामान्यतः जास्त असतो. त्यात एक शब्द नीट ऐका : 'फ्लॅट'. समजा २ लाखांचे कर्ज ३ वर्षांसाठी आहे. एक जण ८ टक्के फ्लॅट दर सांगतो, दुसरा १४ टक्के घटत्या शिलकीवर. पहिल्यात दरवर्षी पूर्ण २ लाखांवर व्याज लागते : १६,००० गुणिले ३, म्हणजे ४८,०००. हप्ता सुमारे ६,८८९ रुपये. दुसऱ्यात व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागते. हप्ता सुमारे ६,८३६ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४६,१०० रुपये. म्हणजे ८ टक्के फ्लॅट हा प्रत्यक्षात साडेचौदा टक्क्यांच्या आसपासचा दर आहे. दर विचारताना नेहमी 'घटत्या शिलकीवर किती?' असे विचारा आणि प्रक्रिया शुल्क त्यात धरा.

५. आपल्याला कोणती गाडी हवी?

*(अ) इंधन.* डिझेल गाडी लिटरमागे जास्त धावते म्हणून ती घ्यावी असे ऐकायला मिळते. हिशेब करून पाहा. समजा पेट्रोल १०० रुपये लिटर आणि गाडी १६ किलोमीटर धावते, तर खर्च किलोमीटरला ६.२५ रुपये. डिझेल ९० रुपये आणि २० किलोमीटर, तर ४.५० रुपये. फरक १.७५ रुपये. घरची गाडी महिन्याला ६०० किलोमीटर फिरत असेल, तर वर्षाला बचत १२,६०० रुपये. डिझेल गाडी ६० हजारांनी महाग असेल, तर फरक भरून निघायला पावणेपाच वर्षे लागतील, आणि डिझेल इंजिनाची मोठी दुरुस्तीही सहसा महाग असते. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्यांचा फरक मात्र दोन वर्षांच्या आत निघतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. केवळ शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबण्याची शक्यता असते.

सीएनजी गाडी घेताना किटची नोंद आरसीवर आहे का ते पाहा, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावी लागणारी दाब-चाचणी झाली आहे का ते विचारा. नोंद नसलेले किट पुढे विम्याचा दावा आणि नावांतर दोन्हींत अडचण करते.

*(ब) सुटे भाग.* तुमच्या तालुक्याच्या गावात ज्या गाडीचे भाग मिळतात आणि जी दुरुस्त करणारे दोन-तीन गॅरेजवाले आहेत, ती गाडी तुमच्यासाठी विश्वासू. मारुती सुझुकी वॅगन आर, स्विफ्ट, ह्युंदाई आय१० यांसारख्या खूप खपलेल्या गाड्यांना जुन्या बाजारात जास्त भाव मिळतो, त्याचे एक कारण हेच. उलट, भारतातून बाहेर पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या कमी किमतीत मिळतात. जनरल मोटर्सने शेवरोले गाड्यांची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. अशी गाडी घेऊच नये असे नाही. पण आधी जवळच्या गॅरेजात जाऊन क्लच प्लेट, पुढचा दिवा आणि बंपर किती दिवसांत व किती रुपयांत मिळेल हे विचारा.

*(क) सुरक्षितता.* घरची माणसे बसणार आहेत. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस ब्रेक बंधनकारक झाले, आणि जानेवारी २०२२ पासून बनलेल्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग असणे सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत या गोष्टी अनेकदा फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळत. म्हणून २०१६ ची गाडी पाहताना नुसते मॉडेल विचारू नका, व्हेरिएंट विचारा. टचस्क्रीन नंतर बसवता येते. एअरबॅग तशी बसवता येत नाही.

६. आधी कागद, मग गाडी

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याकडून आरसीचा फोटो मागवा. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पुढील बाबी जुळवा.

१. *मालकाचे नाव आणि कितवा मालक.* विकणारा माणूस आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का? नसेल तर का? मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावे हस्तांतर व्हावे लागते.

२. *कर्जाची नोंद.* आरसीवर बँकेचे नाव, म्हणजे हायपोथिकेशन असेल, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. "कर्ज कधीच फिटलंय, फक्त नोंद राहिलीय" हे खरे असू शकते. पण ती नोंद विक्रेत्यानेच काढून द्यावी.

३. *नोंदणीची मुदत.* खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १३ वर्षे झालेली गाडी स्वस्त का, याचे उत्तर येथे आहे. दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर वेगळे निर्बंध आले. न्यायालयीन आदेशांनी त्यांत बदलही होत गेले आहेत, म्हणून तेथे राहणाऱ्यांनी खरेदीच्या दिवशीची स्थिती तपासावी.

४. *विमा, पीयूसी, थकीत चलन.* ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकबाकी दिसते. ती सौद्याआधी विक्रेत्याने भरावी. 'नो क्लेम बोनस' मालकाचा असतो, गाडीचा नसतो. म्हणून विक्रेत्याचा सवलतीचा हप्ता तुम्हाला लागू होत नाही. मात्र त्याच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य दिसत असेल, तर आदल्या वर्षी दावा घेतला होता का आणि कशासाठी, हे विचारा.

५. *चासी आणि इंजिन क्रमांक.* आरसीवरचे आकडे गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी एकेक करून जुळवा.

*दुसऱ्या राज्यातली गाडी.* बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न नेहमी येतो : कोल्हापूर किंवा पुण्यातल्या नातेवाइकाची गाडी घ्यावी का? मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि नव्या राज्याचा रस्ता कर लागतो. जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो नंतर आणि पाठपुरावा करून मिळतो. नवा कर विचारूनच किंमत ठरवा.

७. प्रत्यक्ष तपासणी

गाडी दिवसा, कोरड्या हवेत पाहा. विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर सुरू व्हायला त्रास देणारे इंजिन आधीच तापवून ठेवले असण्याची शक्यता आहे.

*इंजिन.* थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरकडे कोणालातरी उभे करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सतत येणारा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरत असावे. थंडीत सुरुवातीला दिसणारी हलकी वाफ मात्र नेहमीची असते. इंजिन बंद करून ऑइलच्या झाकणाची आतली बाजू पाहा. तेथे दुधाळ, पिवळट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्या. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नका.

*मीटर.* मीटर मागे फिरवता येतो, झीज मागे फिरवता येत नाही. ३५ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची कातडी चकचकीत आणि चालकाची सीट एका बाजूने बसलेली असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीला किलोमीटर नोंदवले जातात. मालकाला सोबत घेऊन तो इतिहास मागा.

*टायर.* टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, रबर झिजले असेल तर टायर बदलायला आले. एकाच कडेने झिजलेला टायर चाकांचा कोन किंवा सस्पेन्शन बिघडल्याचे सांगतो.

*अपघात.* दरवाजे, बोनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहा. बोनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा, दाराच्या रबराखाली वेगळा रंग, वेल्डिंगचे ओबडधोबड ठिपके या दुरुस्तीच्या खुणा आहेत. बंपर रंगवलेला असणे ही शहरातली सामान्य गोष्ट आहे. पण पुढची चासी किंवा दारांमधले खांब सरळ केलेले असतील तर ती गाडी सोडून द्या.

*पूर.* मुंबईत जुलै २००५, चेन्नईत डिसेंबर २०१५, केरळात ऑगस्ट २०१८ आणि सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या पुरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या शहरातही विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेघ शोधा. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आणि सीटच्या रुळांवर गंज आहे का ते पाहा. आतून अत्तराचा भपका येत असेल तर कारण विचारा.

*इशाऱ्याचे दिवे.* चावी 'ऑन' केल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत. त्यांपैकी एबीएस आणि एअरबॅगचे थोड्या वेळाने आणि इंजिनचा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो काढला असावा.

*चालवून पाहणे.* निदान वीस मिनिटे, खड्ड्यांच्या आणि चढाच्या रस्त्यावर चालवा. रेडिओ बंद ठेवा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यात टकटक आवाज येतो का, हे लक्षात ठेवा.

शेवटी गाडी आपल्या मेकॅनिककडे न्या. विक्रेत्याच्या ओळखीचा नको. त्याला लिफ्टवर गाडी घ्यायला आणि स्कॅनर लावायला सांगा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट मत देणाऱ्यापेक्षा पैसे घेऊन तपासणारा अधिक काळजीने बघतो. एक-दोन हजार रुपये देऊन गाडी नाकारावी लागली तर ते वाया गेलेले पैसे नव्हेत.

८. सौदा आणि नावांतर

तपासणीत निघालेल्या दोषांची यादी, प्रत्येकापुढे दुरुस्तीचा अंदाज, अशी वही घेऊन भाव करा. "जरा कमी करा ना" यापेक्षा "टायर आणि क्लच मिळून तीस हजार लागतील" हे वाक्य जास्त काम करते. "दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" असे ऐकले तरी तपासणीआधी इसार देऊ नका. इसार दिला की तुमचे मन दोष पाहायला तयार नसते. आर्थिक निर्णयांत याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात.

रक्कम बँकेतून द्या. फॉर्म २९ हा विक्रेत्याचा हस्तांतराचा कळवणीनामा आणि फॉर्म ३० हा नावांतराचा अर्ज. दोन्हींवरील सह्या पैसे देतानाच घ्या. कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो राहिला आणि गाडीचे नुकसान झाले, तर तुमचा दावा नाकारला जाऊ शकतो. विक्रेत्यालाही नावांतराची घाई असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जातो, त्याने गाडी विकली असली तरी.

व्यापाऱ्याकडून घेत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ही तरतूद लागू आहे. त्याने तोंडी दिलेली 'सहा महिने गॅरंटी' बिलावर लिहून घ्या, आणि त्यात काय येते व काय येत नाही हेही लिहायला लावा. व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करता येते, आणि तेथे कागदच उपयोगी पडतो.

९. सारांश

जुन्या गाडीच्या बाजारात किमतीपेक्षा माहिती दुर्मिळ असते. म्हणून क्रम असा ठेवा : बजेटमधून १५ टक्के बाजूला, गरजेनुसार मॉडेल, मग कागद, मग थंड इंजिन, मग आपला मेकॅनिक, मग लेखी प्रश्न, आणि सर्वांत शेवटी इसार. यांतल्या कोणत्याही पायरीवर 'नाही' म्हणता आले पाहिजे. चार गाड्या पाहून एकही न घेता घरी परतलात, तर घरचे म्हणतील की दिवस फुकट गेला. तसे नाही. त्या दिवशी तुम्ही घरची बचत वाचवली असण्याची शक्यता मोठी आहे.

स्वाध्याय

१. कलम २ मधील उदाहरणात चांगल्या गाड्यांचे प्रमाण निम्म्याऐवजी तीन-चतुर्थांश धरले, तर ग्राहक किती किंमत देऊ करेल? चांगल्या गाडीचा मालक तेव्हा विकेल का?

२. दीड लाखाचे कर्ज, दोन वर्षे, ९ टक्के फ्लॅट दर : एकूण व्याज आणि मासिक हप्ता काढा.

३. 'केवळ मौन म्हणजे कपट नव्हे' हे तत्त्व लक्षात घेऊन, जुनी गाडी विकणाऱ्याला पाठवायचा पाच प्रश्नांचा मेसेज स्वतःच्या भाषेत लिहा.

४. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीची मालकाच्या परवानगीने तपासणी करा. टायरचे वर्ष, पेडलची झीज आणि मीटरचा आकडा एकमेकांशी जुळतात का, ते पाच ओळींत नोंदवा.